चारोळीला जोडीदार आणताना

गिनीपिग एकटा ठेवू नये, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला ठामपणे सांगते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांच्या मुलखात माणसाने हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी पाळायला घेतला. त्याचे रानातले भाईबंद आजही लहान लहान कळपांनी राहतात. एकाने चरायचं, दुसऱ्याने कान टवकारायचे आणि धोका दिसला की सगळ्यांनी एकदम आडोशाकडे धूम ठोकायची, असं त्यांचं जगणं. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांत गिनीपिगला एकटं ठेवण्यावर बंदीच घातली.

आपल्याकडे चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली, वडसा इथल्या घरांत गिनीपिग येतो तो बहुतेक एकटाच. मुलाचा वाढदिवस असतो, नागपूरला जाणं होतं, दुकानात तो गोंडस दिसतो आणि खोक्यातून घरी येतो. पुढे मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर आणि तो कोपऱ्यात गप्प. मग कुणीतरी सुचवतं, ‘त्याला जोडी आणा की.’ जोडी येते, थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडली जाते आणि संध्याकाळी मला फोन येतो, ‘ताई, दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत.’

आमच्या घरी चारोळी आधीची, टेंभरी नंतरची. दोघी माद्या. त्यांच्याशिवायही घरच्या आणि ओळखीच्यांच्या काही जोड्या जुळवायला मी हातभार लावला. त्या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. गिनीपिग मुळात भांडखोर नाही. त्याला भांडायला लावते ती टंचाई. वाटी एक, पाण्याची बाटली एक, लपायला घरटं एक आणि पळायला वाव नाही, अशा जागी दोन अनोळखी जीव कोंडले तर ते भांडणारच. टंचाई दूर करणं हे आपलं काम. आपसात कोण मोठं, कोण धाकटं, हे ठरवणं त्यांचं. हे लक्षात ठेवून पुढचे बोल वाचावेत.

१. आधी ऋतू बघा

चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा माणूसही कूलरसमोरून उठत नाही. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंशांची हवा मानवते. खोलीतलं तापमान २७-२८ च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही आणि अंगावर दाट केस असतात. उष्माघाताने धडधाकट जनावर काही तासांत जातं.

म्हणून एप्रिलपासून चांगला पाऊस पडेपर्यंत नवा गिनीपिग आणूच नये. नागपूरहून दीडशे किलोमीटरचा प्रवास, नवी जागा, नवे वास आणि वर पहिल्या भेटीतली धावपळ, एवढं सगळं त्या उन्हात कुणाच्याच अंगाला झेपणारं नाही. आमच्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात उकाडा कमी असला तरी गवत दमट होतं, बुरशी धरते, केसांखाली त्वचेचे आजार वाढतात. गडचिरोलीकडचा पाऊस तर ठाऊकच आहे.

जोडी जुळल्यावर उन्हाळा येणारच. तेव्हा पिंजरा जमिनीलगत, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. पाणी भरून गोठवलेली बाटली जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली तर दोघी तिला टेकून बसतात. अशा बाटल्याही दोन ठेवाव्यात, कारण उन्हाळ्यात थंडाव्यासाठीसुद्धा भांडण होतं. भर दुपारी लाइट जातेच, तेव्हा ओल्या पोत्याचा पडदा आणि मातीच्या माठाची थंड खापरं कामी येतात.

२. नर की मादी, याची खात्री स्वतः करा

दुकानदार ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. तो खोटंच बोलतो असं नाही. लहान पिलांत फरक ओळखणं खरंच अवघड असतं. मादीच्या जननांगाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. नराच्या बाबतीत पोटाच्या खालच्या बाजूला हलकेच दाबलं की लिंग बाहेर येतं. हे पशुवैद्यकांकडून एकदा नीट पाहून घ्यावं.

इथली चूक महागात पडते. नर अवघ्या तीन आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात आणि मादी चार-पाच आठवड्यांत गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा. व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, म्हणजे नर जवळ असेल तर पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण. शिवाय वयाच्या सहा-आठ महिन्यांपर्यंत जी मादी एकदाही व्यायलेली नाही, तिच्या कमरेच्या हाडांचा सांधा पुढे घट्ट होतो आणि बाळंतपण जिवावर बेतू शकतं. जुनी एकटी मादी आणि नवा नर ही जोडी दिसायला साजरी, पण धोक्याची.

माझ्या अनुभवात सर्वांत सोपी जोडी दोन माद्यांची. खच्ची केलेला नर आणि मादी यांचंही उत्तम जमतं, फक्त शस्त्रक्रियेनंतर त्याला चार ते सहा आठवडे वेगळं ठेवावं लागतं. दोन नर राहू शकतात, विशेषतः एक वयस्क आणि एक पिल्लू असेल तर. पण त्यांना जागा जास्त लागते आणि त्याच खोलीत मादी असता कामा नये. तीन नर एकत्र ठेवण्याच्या भानगडीत पडूच नये.

३. नव्याला तीन आठवडे वेगळ्या खोलीत

सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. मुलांना दोघांना एकत्र बघायची घाई असते आणि नवा अगदी ठणठणीत दिसत असतो. पण गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी आहे. आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे. खरुजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, उवा केसांच्या मुळाशी असतात, गजकर्ण सुरुवातीला नाकाजवळच्या एखाद्या चट्ट्याएवढंच असतं, आणि हे गजकर्ण मुलांनाही लागतं. श्वसनाचा संसर्ग तर शिंकेबरोबर पसरतो. म्हणून वेगळा पिंजरा, वेगळी खोली आणि दोन ते तीन आठवडे थांबणं.

त्या काळात कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी जुन्याचं खाणंपिणं, साफसफाई, मग नव्याचं. नव्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. वाट्या, टॉवेल, सुपली सगळं वेगवेगळं. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलं ठेवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. मोठा गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. वजन सलग उतरत असेल तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी काहीतरी बिघडलेलं आहे, असं धरून चालायचं. त्याच्या पोटात सतत चारा पडत राहावा लागतो. त्याने दिवसभर खाल्लं नाही तर आतड्याचं काम थंडावतं, आणि मग दुसऱ्या दिवसाची वाट बघण्याइतकाही वेळ नसतो.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. मुलाच्या तापातलं उरलेलं औषध त्याला पाजू नका. ॲमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या जातीची इतर औषधं तोंडाने दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि त्यात तो दगावतो. आपल्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गाई, बैल आणि शेळ्यांत जातो. तरी तिथल्या डॉक्टरसाहेबांना ‘हा गिनीपिग आहे, पेनिसिलिन चालत नाही’ एवढं आठवण करून द्यायला संकोच करू नका. अडचण मोठी असेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्यावं. रस्ता लांबचा आहे, म्हणून निर्णय लवकर घ्यावा.

४. आधी वासाची ओळख, मग भेट

वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की थेट एकत्र करायचं नाही. गिनीपिग जग ओळखतो ते नाकाने. एका पिंजऱ्यातलं कापड दुसऱ्यात टाकायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात. पहिल्या दिवशी चारोळी त्या कापडापासून लांब बसून राहिली. पुढे तीच त्यावर लोळायला लागली. त्यानंतर दोन पिंजरे शेजारी, मध्ये बारीक जाळी. दोघींना एकमेकींचं दर्शन, वास आणि आवाज मिळतो, पण चावता येत नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंनी, अगदी लागून, चारा ठेवायचा. समोरासमोर बसून खाल्ल्याने निम्मी ओळख तिथेच होते. आमच्याकडचे शेतकरी नवा बैल आणला की त्याला जुन्याच्या दावणीला लगेच बांधत नाहीत. नजरेच्या टप्प्यात पण लांब बांधतात, आणि जोडीने जुंपतात ते पुढे. रीत तीच.

जंगल खातंही हेच करतं. ताडोबातल्या जमुना आणि झीनत या वाघिणी २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओडिशातल्या सिमलीपालला नेल्या, तेव्हा त्यांना आधी कुंपण घातलेल्या जागेत ठेवलं आणि मगच मोकळ्या जंगलात सोडलं. एवढं करूनही झीनत झारखंडमधून पश्चिम बंगालमध्ये गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. तयारी पूर्ण असली तरी जनावराला नवी जागा आपली वाटायला त्याचा त्याचा वेळ लागतो. वाघिणीची तऱ्हा ही, तर पावशेराच्या पिलाला आपण घाई का करावी?

५. पहिली भेट तिसऱ्या जागी

जुन्याच्या पिंजऱ्यात नव्याला सोडणं म्हणजे जुन्याच्या घरात न विचारता शिरणं. भेट अशा जागी व्हावी जी दोघांचीही नाही. दिवाणखान्याची फरशी, त्यावर स्वच्छ जुनी चादर, चारही बाजूंनी पुठ्ठ्याची किंवा पाटांची बंदी. जागा ऐसपैस हवी, दोघांना एकमेकांपासून लांब पळता येईल इतकी. फरशी घसरडी असेल तर चादर हवीच. पहिल्या भेटीत घरटं ठेवू नये. एकाच दाराच्या घरट्यात नवा शिरला आणि मागून जुना आला तर आत कोंडी होते, आणि सर्वांत वाईट चावे त्या कोंडीत बसतात.

मधोमध ताज्या गवताचा मोठा ढीग घालावा. एक नाही, दोन-तीन ढीग घातले तर आणखी चांगलं. भाजी, काकडीचे काप हे सगळं पसरून टाकावं. तोंड खाण्यात गुंतलं की भांडणाला वेळ उरत नाही. सकाळची थंड वेळ निवडावी आणि निदान दोन-तीन तास कुठेही जायचं नाही, असं ठरवूनच बसावं.

चारोळी आणि टेंभरीला सोडलं तेव्हा चारोळी आधी ढिगाकडे गेली, मग मान लांब करून टेंभरीच्या मागच्या अंगाचा वास घेतला. टेंभरी ‘कुईं’ करून दोन पावलं सरकली. चारोळीच्या घशातून एक जाडसर घुरघुर निघाली आणि ती कमरेतून डुलत तिच्याभोवती हळूहळू फिरली. टेंभरीने मान खाली घातली. मग दोघी एकाच ढिगाच्या दोन टोकांनी हरळी ओढायला लागल्या आणि ढीग जसा कमी झाला तशा जवळ आल्या. शेवटी एकाच काडीची दोन टोकं दोघींच्या तोंडात होती. चारोळीने काडी ओढून घेतली, टेंभरीने दुसरी उचलली. एवढ्यावर त्यांचा मोठा-धाकटा ठरला.

६. दात, मान आणि केस वाचायला शिका

बसून बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे ठाऊक असावं. एरवी साध्या गोष्टीला घाबरून आपण त्यांना वेगळं करतो आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

हे चालायचंच: घुरघुरत डुलणं, मागचा वास घेणं, पाठलाग करणं, अंगावर चढणं (माद्याही हे करतात), हनुवटी वर उचलून कोण उंच ते दाखवणं, नाकाने ढकलणं, खाणं पळवणं, तोंडात दोन-चार केस येणं. धाकटी कर्कश ओरडते तेव्हा काळजात धस्स होतं. पण बहुतेक वेळा ते ‘मी हरले, सोड’ एवढंच असतं.

इथे सावध व्हा: दातांचा जोरजोरात कटकटाट, मानेवरचे केस उभे राहणं, जागीच ताठ होणं, जांभई दिल्यासारखं तोंड उघडून पुढचे दात दाखवणं, डोक्याच्या झटक्यासह अंगावर धावून जाणं. अशा वेळी मध्ये काकडीचा काप टाकावा, पुठ्ठा सरकवून नजरानजर तोडावी. बरेचदा तेवढ्याने राग निवळतो.

इथे थांबवा: रक्त निघालं किंवा दोघं एकमेकांना गच्च धरून गोळा होऊन लोळायला लागले. यात दुसरा विचार करायचा नाही.

आणि हे दिसलं तर समजा की जमलं: दोघी एकाच वेळी खाताहेत, एक निजली तर दुसरी तिच्यापासून लांब जात नाही, कुणीतरी जागच्या जागी उडी मारून अंग झटकतं. ती उडी आनंदाची असते, ती एकदा ओळखता आली की पुन्हा चुकत नाही.

७. मध्ये हात घालू नका

खरी मारामारी सुरू झाली की आईचा हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. त्या क्षणी त्यांना हात आणि शत्रू यांतला फरक कळत नाही आणि गिनीपिगचे पुढचे दात बोटात खोल जातात. जाड टॉवेल दोघांवर टाकायचा किंवा मध्ये सुपली सरकवायची. दोन्ही वस्तू सुरुवातीपासून हाताशी असाव्यात. मग दोघांना आपापल्या पिंजऱ्यात, जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवायचं. जखम केसांखाली लपते, म्हणून कान, ओठ आणि पाठीचा मागचा भाग बोटांनी चाचपून बघावा. गळू होण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. काही दिवसांनी पुन्हा वासाच्या पायरीपासून सुरुवात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. रक्त नसेल, फक्त पळापळ आणि आरडाओरड असेल, तर सोडवायला जाऊ नका. मधूनच उचललं तर त्यांचं ठरता ठरता राहतं आणि पुढच्या भेटीत सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ‘बिचारी घाबरलीय’ म्हणून धाकटीला मांडीवर घेणाऱ्या घरांत जोडी जुळायला सर्वांत जास्त दिवस लागलेले मी पाहिले आहेत.

८. घरात सगळं दोन-दोन

बाहेर जमलं की त्याच दिवशी दोघांना एकत्र घरात न्यावं. पण जुन्या वासाच्या पिंजऱ्यात नाही. पिंजरा धुवून, कापडं बदलून, आतली मांडणी उलटीपालटी करून. शक्य असेल तर दोघांनाही नव्या जागीच न्यावं. जोडीसाठी निदान साडेसात-आठ चौरस फूट सपाट जागा लागते, नर असतील तर त्याहून जास्त. मजल्यांचा उंच पिंजरा या कामी येत नाही, कारण गिनीपिगला चढण्यापेक्षा पळायला जागा हवी.

वाट्या दोन, त्या एकमेकींपासून लांब. पाण्याच्या बाटल्या दोन. घरटी दोन, प्रत्येकाला दोन दारं. पुठ्ठ्याच्या खोक्याला आरपार भोकं पाडली तरी चालतं. चाऱ्याच्या जागा दोन. नुसत्या या मांडणीने मिटलेली भांडणं मी पाहिली आहेत.

चाऱ्याबद्दल आपल्या भागापुरतं थोडं सांगते. धानाचं तणस आपल्याकडे भरपूर, त्यामुळे लोक तेच घालतात. अंथरायला ते बरं, पण पोटासाठी पुरेसं नाही. मुख्य खाणं गवताचं हवं. सावलीत वाळवलेलं चांगलं गवत, ताजी हरळी, गवळ्याकडचं हत्तीगवत. लसूणघास आणि बरसीम यांत कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्या जनावरांना रोज नको. घुग्घुस, बल्लारपूर, पडोली या भागांत रस्त्याकडेच्या गवतावर कोळशाची धूळ बसलेली असते. तिथलं गवत आणू नये, आणि कुठलंही गवत धुवून, निथळून घालावं.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते तयार करू शकत नाही. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये स्कर्व्ही हा आजार गिनीपिगमध्येच घडवून अभ्यासला, आणि त्यातून पुढे या जीवनसत्त्वाचा शोध लागला. नव्या जोडीच्या ताणाच्या दिवसांत ते कमी पडू देऊ नये. आपल्या बाजारातला सांबार, ढोबळी मिरची आणि जांबाची छोटी फोड, एवढ्यात काम भागतं. कांदा, लसूण, बटाटा मात्र अजिबात नको.

९. ससा आणि रानातलं पिल्लू हे जोडीदार नाहीत

‘गिनीपिग मिळत नाही, ससा आणू का?’ असं बरेचजण विचारतात. आणू नका. सशाच्या अंगात सहज राहणारे काही जिवाणू गिनीपिगच्या फुप्फुसाला घातक ठरतात, आणि सशाच्या मागच्या पायाची एक लाथ त्याची हाडं मोडायला पुरेशी असते. दोघांचं खाणं वेगळं आणि बोलणंही वेगळं.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट घडते. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्यांना रानसशाचं, खारीचं पिल्लू सापडतं आणि ते मुलांसाठी घरी येतं. कुणीतरी ते गिनीपिगच्याच पिंजऱ्यात ठेवतं. रानटी प्राणी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या पिलासाठी ते बहुतेक मरणच. रानसशाची आई पिलाला गवतात एकटं ठेवून चरायला जाते. ते टाकून दिलेलं नसतं. भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम १९७३ मध्ये सुरू झालं, आणि शिकारीत आई गमावलेल्या रानातल्या पिलांना तिथे आसरा मिळाला. त्यामागे डॉक्टरी ज्ञान आणि सगळं आयुष्य वाहून घेणारी माणसं होती. आपल्या घरच्या पिंजऱ्यात ते होत नाही. पिल्लू खरंच जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

१०. जमल्यानंतरचे महिने

जोडी जमली की सगळं संपलं असं नाही. पहिले काही आठवडे दोघांचं वजन बघत राहावं. मोठीचं वाढतंय आणि धाकटीचं उतरतंय, तर ती भांडत नसली तरी उपाशी राहतेय. मग वाट्या आणखी लांब ठेवायच्या, चाऱ्याची तिसरी जागा करायची. नर असतील तर साधारण तीन महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत त्यांचा वयात येण्याचा काळ असतो. आजवर गुण्यागोविंदाने राहणारे तेव्हा अचानक तापट होतात. जागा मोठी असेल आणि आपण शांत राहिलो तर बहुतेक जोड्या यातून निभावतात.

एकाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दुसऱ्यालाही सोबत न्यावं. एकटा परत आला की अंगाला औषधाचा, परक्या हातांचा वास असतो आणि घरी राहिलेला त्याला ओळखत नाही. मुलांना या सगळ्यात खरी जबाबदारी द्यावी. वजनाची वही मुलांच्या हातात दिली की ती पुढे स्वतःहून सांगतात, ‘आई, टेंभरीने आज कमी खाल्लं.’

११. नाही जुळलं तरी सोबत होते

मनापासून, सावकाश, सगळं रीतसर करूनही काही जोड्या जुळत नाहीत. दर वेळी रक्त निघतं किंवा एक जण कोपऱ्यात बसून खाणं सोडतो. तेव्हा हट्ट धरू नये. शेजारी-शेजारी दोन पिंजरे आणि मध्ये जाळी, अशी ती दोघं आयुष्यभर राहू शकतात. एकमेकांना बघतात, बोलतात, जाळीला टेकून झोपतात. एकटेपण जातं आणि जीवही सुरक्षित राहतो. ही हार नाही.

गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. एवढ्या आयुष्यासाठी जोडीदार आणायचा तर त्याची तयारी महिनाभर आधी सुरू व्हावी, आणि तिची सुरुवात दुसऱ्या गिनीपिगपासून होत नाही. आधी दुसरा पिंजरा आणा, दुसरी खोली ठरवा, गवताची सोय करा, डॉक्टरांचा पत्ता काढून ठेवा. हे सगळं ज्या घरात होत असेल, त्याच घरात दुसरा जीव यावा. ज्यांना आज हे जमत नाही, त्यांनी असलेल्या एकाला भरपूर वेळ द्यावा आणि हिवाळ्यापर्यंत थांबावं.